‘बहुतेक वेळा नाही’ म्हटलं तरी हट्ट का सुटत नाही?

प्रश्न : चार वर्षांचा मुलगा तुळशीबागेच्या बाजारात खेळणं हवं म्हणून भर रस्त्यात लोळण घेतो. बहुतेक वेळा आम्ही नाहीच म्हणतो. मग हट्ट सुटत का नाही? (एक आई, कोथरूड)

उत्तर : गोम ‘बहुतेक वेळा’मध्येच आहे. पाच-सहा वेळा नकार देऊन एकदा खेळणं घेतलं, की हट्ट आणखी चिवट होतो. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत कबुतरं चकती टोचून दाणा मिळवत. दर टोचीला दाणा मिळणारं कबुतर, दाणा बंद झाल्यावर चकती टोचणं लवकर सोडे. अधूनमधून मिळणारं मात्र कितीतरी वेळ टोचत राही.

काय मिळेल, काय नाही, हे घरातून निघतानाच सांगा. लोळण घेतली की खेळणं नाही, समजावणं नाही, रागावणंही नाही. रागावणं हेही त्याच्या दृष्टीनं लक्षच. गर्दीत लागेल असं वाटलं तर न बोलता उचलून बाजूला घ्या. सुरुवातीला रडणं वाढेल. बहुतेक पालक नेमके इथेच विरघळतात आणि मूल शिकतं, की आवाज चढवला की मिळतं. तो हात धरून चालला, हळू आवाजात मागितलं, की लगेच, त्याच क्षणी कौतुक करा. घरी पोचल्यावर केलेलं फारसं लागू पडत नाही. आजी-आजोबांनाही हाच नियम. काही आठवड्यांनी हट्ट एखाद्या दिवशी पुन्हा उसळेल, तेव्हाही खेळणं घेऊ नका.