ब्लूज ऐकायला जाशील तेव्हा

प्रिय भाच्या,

शिकागोतला पहिला हिवाळा खोलीत हेडफोन लावून काढलास आणि आता शनिवारी पहिल्यांदाच ब्लूज क्लबमध्ये जाणार आहेस, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. जाण्याआधी काय काय ऐकून जाऊ, असं विचारलं आहेस. त्याचं उत्तर देणार आहे, पण थोडं पुढे. आधी एक गोष्ट सांगते, कारण माझ्या मते बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं सुखदुःखाचं गाणं आणि गॉस्पेल म्हणजे त्यांच्याच चर्चमधलं भक्तिगान. या संगीतात श्रोत्याला काम असतं. वादक वाजवतात, गाणारा गातो, तेवढ्याने गाणं पूर्ण होत नाही. समोरची माणसं जे परत देतात त्यानेच ते भरून निघतं. हेडफोनमध्ये हे कळायला वेळ लागतो. क्लबमध्ये दहा मिनिटांत कळतं.

हे का होतं ते गाण्याच्या बांधणीतच आहे. ब्लूजचं नेहमीचं आवर्तन बारा बारांचं असतं. प्रत्येक बार चार मात्रांचा, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस मात्रा. कडव्याला तीन ओळी: पहिली ओळ, तीच पुन्हा एकदा, आणि मग तिचा निकाल लावणारी तिसरी. एकेका ओळीच्या वाट्याला सोळा मात्रा येतात, पण गाणारा आपले शब्द त्यातल्या साधारण अर्ध्या मात्रांतच संपवतो. उरलेली जागा त्याने मुद्दाम सोडलेली असते. तिथे गिटार उत्तर देते, हार्मोनिका उत्तर देते, नाहीतर मागच्या टेबलावरून कुणीतरी ‘बरोबर आहे, सांग पुढे’ असं ओरडतं. ब्लूजचे गायक-गिटारवादक बी. बी. किंग एकाच वेळी गात आणि वाजवत नसत. ओळ संपली की त्यांची ‘लुसील’ नावाची गिटार बोलायची, ती थांबली की ते पुन्हा गायचे. पहिली ओळ दोनदा का म्हणतात, हेही तुला प्रत्यक्ष बसल्यावर उमगेल. पहिल्यांदा ती तू ऐकतोस. दुसऱ्यांदा येते तेव्हा ती तुझी झालेली असते आणि तिसरी काय येणार याची वाट पाहत तू पुढे सरकून बसतोस.

लहानपणी गाणं शिकलास ते इथे उपयोगी पडेल. गंधाराकडे लक्ष ठेव. साथीच्या स्वरसमूहात शुद्ध गंधार असतो आणि गाणाऱ्याचा गळा मात्र कोमलाकडे झुकलेला असतो. बहुतेक वेळा तो या दोहोंच्या मधेच कुठेतरी उभा असतो. पियानोला ही मधली जागा नाही, म्हणून पियानोवाला दोन शेजारच्या पट्ट्या एकदम दाबतो किंवा एकीवरून दुसरीवर घसरतो. गिटारवाला तार आडवी ओढतो, आपण सतारीवर मींड काढतो तशी. मला स्वतःला ब्लूजचं वेड लागलं ते या गंधारामुळेच. निषादाचंही तसंच आहे, पण ते तुझं तू शोध.

टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्यायची. आपला हात भजनाच्या सवयीने पहिलीवर, समेवर पडतो. पहिली काही मिनिटं हात मांडीवर ठेवून ड्रमवाल्याच्या डाव्या हाताकडे बघ. स्नेअरवर, म्हणजे त्याच्या पुढ्यातल्या छोट्या ड्रमवर, त्याची काडी पडेल तिथे तुझी टाळी.

आता कुठे जायचं ते. तुझे मित्र म्हणतात तसं ब्लूजचे गिटारवादक बडी गाय यांच्या ‘लेजंड्स’ क्लबमध्ये जरूर जा. वॉबॅश ॲव्हेन्यूवर १९८९ साली त्यांनी हा क्लब काढला. लुइझियानातून १९५७ मध्ये शिकागोला आलेला हा माणूस मडी वॉटर्स या थोर ब्लूज गायकाच्या पिढीचा हात धरून वाढला, आणि नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत जानेवारी महिन्यात आपल्याच क्लबात रात्रीमागून रात्री वाजवत आला आहे. हॉलस्टेड स्ट्रीटवरचं ‘किंग्स्टन माइन्स’ १९६८ पासूनचं. तिथे दोन रंगमंच आहेत, एका बँडचं संपलं की दुसऱ्या खोलीत दुसरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतं. पण पहिल्यांदा जायला मी तुला आर्मिटेज ॲव्हेन्यूवरचं ‘रोझाज लाउंज’ सुचवीन. ब्लूजच्या ओढीने इटलीतून आलेल्या एका ड्रमवाल्याने आपल्या आईच्या साथीने १९८४ मध्ये ते सुरू केलं, आणि क्लबला नावही आईचंच. जागा लहान आहे. लहान जागेत वादकाला तुझा चेहरा दिसतो, आणि या संगीतात ते फार महत्त्वाचं आहे. मोठ्या सभागृहात तू अंधारातला एक आकडा असतोस.

शनिवारी गर्दी होते. पुढच्या वेळी मधल्या वाराला जा. त्या रात्री शहरातले बाकीचे वादक ऐकायला येऊन बसलेले असतात आणि एखादा मधेच गिटार काढून वर चढतो. जाताना वयाचा पुरावा जवळ ठेव, बहुतेक क्लबांत एकवीस वर्षांखालच्यांना सोडत नाहीत. सुट्ट्या नोटा घे. बादली किंवा बरणी फिरते तिच्यात टाकायला लागतात, आणि त्या टाकताना हात आखडू नकोस, कारण त्यावर त्या माणसांचं घर चालतं. फोन खिशात ठेव. परत कसं यायचं ते निघण्याआधीच ठरव.

कोणाच्या संगीतात जाऊन बसतो आहेस, हेही डोक्यात असू दे. १९१० च्या दशकापासून १९७० पर्यंत सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिणेतलं जमीनदारांचं राज्य, वंशभेदाचे कायदे आणि झुंडीच्या हत्या मागे टाकून उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे आली. मिसिसिपीतून निघालेले पुष्कळसे इलिनॉय सेंट्रल रेल्वेने थेट शिकागोत उतरले. मडी वॉटर्स १९४३ साली असेच आले, कापसाच्या मळ्यातून. गावाकडची साधी गिटार इथल्या खचाखच भरलेल्या दारूच्या गुत्त्यांत ऐकूच जाईना, तेव्हा त्यांनी विजेची गिटार हाती घेतली. ज्याला जग ‘शिकागो ब्लूज’ म्हणतं त्याचा आवाज असा गरजेतून घडला. ३० एप्रिल १९८३ ला ते गेले आणि पुढच्याच वर्षी शहराने ब्लूज महोत्सव सुरू केला. तो अजूनही जूनमध्ये होतो, हल्ली मिलेनियम पार्कमध्ये, आणि तिकीट लागत नाही.

एका रात्री क्लबमध्ये माझ्या शेजारी एक वयस्कर बाई बसल्या होत्या. नीटनेटकी टोपी, मांडीवर पर्स. गाणाऱ्याने भाड्यावरची एक ओळ म्हटली आणि त्या मोठ्याने म्हणाल्या, ‘माझ्या घरमालकाला सांग हे!’ सगळी खोली हसली, गाणाराही हसला, आणि त्याने ती ओळ तिसऱ्यांदा म्हटली, त्यांच्याकडे बघून. अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन मोडलं, बँड त्याच्यामागे वळला, आणि गाणं जिथे जाणार होतं तिथून भलतीकडेच गेलं. ते गाणं त्या रूपात पुन्हा कधीच होणार नाही. नंतर गप्पा झाल्या तेव्हा बाई म्हणाल्या, ‘उद्या सकाळी चर्चमध्ये ये, तिथेही मी अशीच ओरडते.’ मी गेले, आणि तिथून माझी खरी शिकवणी सुरू झाली.

कारण ब्लूज आणि गॉस्पेल यांचं घराणं एकच आहे. टॉमस डॉर्सी यांचं उदाहरण बघ. ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ते ब्लूजचा पियानो वाजवत. ब्लूज गायिका मा रेनी यांना साथ केली, आणि १९२८ मध्ये गिटारवादक टॅम्पा रेड यांच्याबरोबर केलेली त्यांची एक चावट रेकॉर्ड तुफान खपली. चर्चसाठी गाणी रचायला लागले तेव्हा त्यांनी ब्लूजची लय आणि तोच वाकडा गंधार बरोबर नेला, आणि कित्येक चर्चांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. १९३२ च्या ऑगस्टमध्ये ते सेंट लुइसला गायला गेले असताना इकडे त्यांची बायको बाळंतपणात गेली, पाठोपाठ मूलही गेलं. त्या दुःखातून त्यांनी ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ रचलं. शिकागोच्या पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चमध्ये त्यांनी अनेक दशकं गायकवृंद सांभाळला. ती इमारत २००६ मध्ये आगीत जळाली.

डॉर्सींचीच गाणी घेऊन गॉस्पेल गायिका माहेलिया जॅक्सन पुढे आल्या. न्यू ऑर्लिन्सला वाढताना त्यांनी बेसी स्मिथच्या ब्लूजच्या रेकॉर्डी कान देऊन ऐकल्या होत्या, आवाजात तो सगळा उतरला होता, पण ब्लूज गायला त्या आयुष्यभर नाही म्हणाल्या. १९७१ मध्ये त्यांनी भारताचा दौरा केला, आपल्या मुंबईतही गायल्या. त्यांचा आवाज समोर बसून ऐकलेल्या मुंबईकरांचा मला अजूनही हेवा वाटतो.

म्हणून शनिवारच्या रात्रीनंतरची रविवारची सकाळ झोपेत घालवू नकोस. दक्षिण भागातल्या एखाद्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये जा. मात्र तिथे तू पाहुणा आहेस आणि समोर चालली आहे ती उपासना आहे, हे विसरू नकोस. बरे कपडे घाल. पांढऱ्या पोशाखातल्या स्वयंसेविका बसवतील तिथे बस. पाहुण्यांनी उभं राहावं असं कुणी म्हटलं तर उठून नमस्कार कर. रेकॉर्डिंग करू नकोस. दानाचं ताट येईल त्यात यथाशक्ती टाक. आणि गायकवृंदाचं गाणं झालं की उठून जाणारे पर्यटक असतात, त्यांच्यातला होऊ नकोस.

हे शिष्टाचारापुरतं सांगत नाही. प्रवचन सोडून आलास तर गॉस्पेल तू अर्धंच ऐकलंस. पाळक सुरुवातीला साधं बोलत असतो. हळूहळू वाक्यं आखूड होतात, प्रत्येकाच्या शेवटी श्वास ऐकू येतो, लोक ‘आमेन’ म्हणतात आणि त्यालाही एक ठेका येतो. मग त्याच्या बोलण्याला स्वर सापडतो. ऑर्गनवाला तोच स्वर पकडून वाक्यांच्या मधल्या जागा भरायला लागतो, ब्लूजमध्ये गिटार भरते तशाच. बोलणं संपून गाणं नेमकं कुठे सुरू झालं ते सांगताच येत नाही. मी इतकी वर्षं ऐकते आहे, तरी ते वळण आलं की अंगावर काटा येतो. तो ऑर्गन बहुधा हॅमंड कंपनीचा असतो, आणि हॅमंडही शिकागोचाच. त्याच्याशेजारच्या लाकडी कपाटाला लेस्ली स्पीकर म्हणतात. आत कर्णा गरगर फिरतो, म्हणून आवाज थरथरतो. ऑर्गनवाला त्या फिरण्याचा वेग वाढवतो तेव्हा सभा उभी राहते.

आता तुझी यादी. लांबलचक यादी मी देत नाही. ज्यांत समोरची माणसं ऐकू येतात किंवा जाणवतात अशी माझी चार-पाच आवडती सांगते. बी. बी. किंग यांची ‘लाइव्ह ॲट द रीगल’, नोव्हेंबर १९६४ ची. इथल्याच ४७ व्या रस्त्यावरच्या, आता पाडून टाकलेल्या थिएटरात ती मुद्रित झाली. एकदा फक्त श्रोत्यांकडे कान ठेवून ऐक. मग गॉस्पेल गायिका सिस्टर रोझेटा थार्प यांचं मे १९६४ चं मँचेस्टरचं चित्रीकरण शोध. बंद पडलेलं रेल्वे स्टेशन, एका फलाटावर श्रोते आणि समोरच्या फलाटावर त्या, कोट घालून, गळ्यात पांढरी गिटार. नुकताच पाऊस पडून गेलेला असतो आणि त्या पावसाचंच गाणं काढतात. अरीथा फ्रँकलिन यांनी जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री गायलेलं गाणं तर ‘अमेझिंग ग्रेस’ या चित्रपटातच बघ. पियानोवरचे जेम्स क्लीव्हलंड एका क्षणी वाजवायचं सोडून तोंड झाकून रडतात. हेच क्लीव्हलंड लहानपणी डॉर्सींच्या गायकवृंदात गायले होते.

स्टुडिओतल्या दोन. हार्मोनिकावादक ज्युनियर वेल्स यांची १९६५ ची ‘हूडू मॅन ब्लूज’: हिच्यात बडी गाय यांचा ॲम्प्लिफायर मधेच बिघडला, तेव्हा त्यांची गिटार लेस्ली स्पीकरला जोडून काम चालवलं. चर्चच्या ऑर्गनचा तो थरथरता आवाज ब्लूजच्या गिटारीतून येतो तो असा. आणि स्टेपल सिंगर्सचं १९५६ चं ‘अनक्लाउडी डे’. त्यातला खर्जातला आवाज मेव्हिस स्टेपल्स यांचा आहे. तेव्हा त्या विशीच्याही आत होत्या, आणि ऐकणाऱ्यांना तो पुरुषाचा वाटायचा.

ही गाणी मित्रांना पाठवशील तेव्हा सगळी एकदम पाठवू नकोस. वीस गाण्यांची लिंक कुणी उघडत नाही, उघडली तरी दुसऱ्या गाण्यावर थांबतो. माणूस ओळखून एक गाणं निवड, आणि त्याच्याबरोबर दोन ओळी लिही: कोणत्या मिनिटाला काय होतं, आणि तिथे तुला काय झालं. ‘भारी आहे, ऐक’ एवढ्याने समोरच्याला कान कुठे लावायचा ते कळत नाही. आणि त्याला ते नाही आवडलं तर का नाही आवडलं ते विचार. मला स्वतःला हार्मोनिका कितीतरी काळ कर्कश वाटायची. एका मैत्रिणीने वाद न घालता मला हार्मोनिकावादक लिटल वॉल्टर यांची एकच रेकॉर्ड दिली आणि म्हणाली, तो श्वास कुठे घेतो ते फक्त ऐक.

घरी जाशील तेव्हा आईबाबांनाही ने. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून ब्लूज महोत्सव भरू लागला, आणि बडी गाय तिथे एकाहून अधिक वेळा येऊन गेले आहेत. तुझ्या बाबांना तो मधला गंधार आवडेल, पैज लावते.

शनिवारी काय ऐकलंस ते सविस्तर लिही. बँडची नावं कळली नाहीत तरी चालेल. कोण कोणाला उत्तर देत होतं ते लिही, आणि तुझं आवडतं एक गाणं पाठव, मी अजून ऐकलं नसेल असं. रविवारी सोबत हवी असेल तर शुक्रवारपर्यंत कळव. त्या टोपीवाल्या बाईंच्या चर्चमध्ये मी अजून जाते, आणि अकराच्या प्रार्थनेला जागा मिळवायची तर साडेदहाला पोचावं लागतं.

तुझी,
मावशी