टीव्हीवर दिसणाऱ्या मॅडमपुढे मन मोकळं करावं का?

"समुपदेशक राजकारणावर जाहीर बोलत असतील, तर त्यांना आपला पक्ष कोणता ते कसं सांगायचं?" हा प्रश्न मला, एका समुपदेशकाला, अनेकदा विचारला जातो. विचारणाऱ्याची भीती खोटी नसते, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

ऐरोलीचा एक तिशीतला कार्यकर्ता ठाण्यातल्या नौपाड्यात माझ्याकडे यायचा. बायपोलर आजार, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य; मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेलं लिथियम हे औषध चालू. त्या संध्याकाळी तो आला, पण बसला नाही. मोबाईल टेबलावर ठेवून त्याने क्लिप लावली. वाहिनीवरच्या चर्चेत मीच सांगत होते, "या नेत्याच्या वागण्यात मला उन्मादाची लक्षणं दिसतात."

"साहेबांवर टीका केलीत त्याचं काही नाही, मॅडम," पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत-लावत तो म्हणाला. "पण माझ्या आजाराची तुम्ही शिवी केलीत."

मी माफी मागितली. दुसरं काही बोलण्यासारखं नव्हतंच. त्या नेत्याला मी कधी तपासलेलं नव्हतं, निदान जाहीर करायला त्याची संमती नव्हती. अमेरिकेत १९६४ साली 'फॅक्ट' मासिकाने पाहणी घेतली, तेव्हा १,१८९ मनोविकारतज्ज्ञांनी राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांना न तपासताच त्या पदासाठी मानसिकदृष्ट्या अपात्र ठरवलं. गोल्डवॉटर यांनी मासिकावर खटला भरला आणि जिंकला. १९७३ मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने असं निदान करायला मनाई केली. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी कॅमेऱ्यासमोर जीभ घसरली.

खरं नुकसान मात्र पुढे कळलं. प्रचारात तो पहाटे तीनपर्यंत जागत होता. बायपोलरमध्ये झोप मोडली की आजार उसळू शकतो, म्हणून झोपेबद्दल मी दर भेटीत विचारायचे आणि तो "ठीक आहे" म्हणायचा. प्रचाराचं सांगताना आपल्या पक्षाचं नाव निघालं तर मॅडमच्या मनातून उतरू, ही त्याची भीती.

म्हणून विचारणाऱ्यांना मी सांगते, मनात आलेली शंका पहिल्याच भेटीत तोंडावर विचारा. तुमचं बोलणं गुप्त ठेवणं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंधनकारक आहे, आणि कोणाची राजकीय बाजू बघून त्याला मानसिक आजारी ठरवता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. विचारल्यावर समोरचा चिडला किंवा तुमचं मत बदलायला लागला, तर खुशाल दुसरीकडे जा. मी आजही जाहीर बोलते. सरकारी रुग्णालयात मनोविकाराची औषधं संपतात, तेव्हा गप्प बसणं मला पटत नाही. पण कोणा माणसाचं निदान करत नाही.

त्या क्लिपनंतर तो कार्यकर्ता तीन आठवडे फिरकला नाही. मग एक दिवस आला तो प्रचाराचं वेळापत्रक घेऊनच. आम्ही दोघांनी रात्री अकराच्या पुढच्या सगळ्या बैठकांवर पेनने काट मारली. एका बैठकीसाठी त्याने बरीच हुज्जत घातली.