सात सीटर गाडी : आधी मागच्या रांगेत बसून बघा

सात सीटर गाड्यांबद्दल आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या अंकात घेतले आहेत. किंमत आणि मायलेजची चौकशी घेताना सगळेच करतात, पण वर्षभराने येणाऱ्या तक्रारी वाचल्या की त्यांतल्या बहुतेक तिसऱ्या रांगेपाशी येऊन थांबतात. त्यामुळे उत्तरंही जास्त करून तिथलीच आहेत.

प्रश्न : घरात आम्ही सहाजण. आई-बाबा सत्तरीचे, आईला गुडघ्यांचा त्रास. मुलं आठ आणि तीन वर्षांची. सहा सीटर घ्यावी की सात सीटर? शोरूममध्ये सगळ्याच गाड्या ऐसपैस वाटतात. (सातारा)

उत्तर : शोरूममध्ये ऐसपैस वाटतात, कारण तिसरी रांग दाखवताना दुसरी रांग पूर्ण पुढे सरकवलेली असते आणि दुसरी दाखवताना पूर्ण मागे. स्वतः क्रम लावा. आधी गाडी चालवणाऱ्याने आपली सीट रोजच्यासारखी लावून घ्यावी. मग तिच्यामागे मोठ्या माणसाने बसून गुडघा आणि पुढची सीट यांत चार बोटं अंतर राहील इतकीच दुसरी रांग सरकवावी. ती तशीच ठेवून तिसऱ्या रांगेत बसा. मागचा दरवाजा बंद करून घ्या आणि हेडरेस्ट वर ओढा. डोकं आणि मागची काच यांत तळहात मावला पाहिजे. मांड्या सीटला टेकतात की गुडघे छातीकडे येतात, तेही बघा. मागची चाकं, सस्पेन्शन आणि इंधनाची टाकी यांच्यामुळे तिथली फरशी उंच असते आणि सीट त्या मानाने बुटकी राहते. लहान मुलाला त्याचं काही वाटत नाही, मोठ्या माणसाला तासाभरात कंबर जाणवायला लागते.

आता बसायची मांडणी. तीन वर्षांच्या मुलाला चाइल्ड सीट लागेल. तिचे आयसोफिक्सचे हुक, म्हणजे चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायच्या कड्या, आपल्याकडच्या बहुतेक सात सीटर गाड्यांत दुसऱ्या रांगेच्या दोन्ही कडांना असतात. खरी अडचण इथे येते, कारण चाइल्ड सीट बसवली की ती सीट पुढे दुमडता येत नाही आणि त्या बाजूने तिसऱ्या रांगेत जायची वाट बंद होते. काही गाड्यांत सीट पूर्ण दुमडायची सोय फक्त डाव्या बाजूला असते, आणि रस्त्याच्या कडेला उतरायचं तर डावी बाजूच सोयीची. म्हणून सात सीटर घेतलीत तर चाइल्ड सीट उजवीकडे, चालकाच्या मागे बसवा. त्या मुलालाही डाव्या दारातूनच आत घ्या, रहदारीच्या बाजूचं दार उघडू नका.

सहा सीटरमध्ये दुसऱ्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या असतात आणि मधून वाट राहते, त्यामुळे चाइल्ड सीट काढावी लागत नाही. पण तुम्ही सहाजण, म्हणजे गाडी दर वेळी पूर्ण भरणार. मामा किंवा आत्या बरोबर निघाली की जागाच उरणार नाही. शिवाय दुसऱ्या रांगेत चाइल्ड सीट आणि आजोबा बसले की मुलांच्या आईला तिसऱ्या रांगेत जावं लागेल, म्हणजे तीन वर्षांच्या मुलापासून लांब. तुमच्या घराला आम्ही सात सीटरच सुचवू. आजी चालकाशेजारी, दुसऱ्या रांगेत उजवीकडे चाइल्ड सीट, मध्ये मुलांची आई, डावीकडे आजोबा आणि मागे आठ वर्षांचं मूल. या मांडणीत आजींना सगळ्यात सोपी चढ-उतार मिळते.

गुडघ्यांसाठी एक साधी परीक्षा. आजींना दाराशी उभं करा. सीटची कड त्यांच्या मांडीच्या मध्याजवळ आली तर त्या नुसत्या मागे टेकून आत वळू शकतील. गुडघ्याजवळ आली तर खाली वाकून बसावं लागेल, कमरेपाशी आली तर चढावं लागेल. इनोव्हा क्रिस्टा शिडीसारख्या चासीवर उभी असल्याने तिची फरशी उंच आहे. हायक्रॉस, अर्टिगा, कॅरेन्स या मोनोकॉक बांधणीच्या, म्हणजे वेगळी चासी नसलेल्या गाड्यांत पाय कमी उचलावा लागतो. फूटबोर्ड लावून उंचीचा प्रश्न थोडाच सुटतो, कारण दुखऱ्या गुडघ्याला दोनदा चढावं लागतं.

पैसे भरण्याआधी एवढं विचाराच : बाजूच्या कर्टन एअरबॅग (धडकेत खिडकीवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या) तिसऱ्या रांगेच्या खिडकीपर्यंत पोहोचतात का? प्रत्येक सीटला तीन ठिकाणी अडकणारा बेल्ट आहे का? चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे १,००० रुपये दंड आहे. मागच्या दोन सीटवर तीन मुलं ‘अ‍ॅडजस्ट’ करणं दंड नसता तरी चुकीचंच ठरलं असतं.

प्रश्न : कुंभार्ली घाटात मागे बसलेल्या मुलांना हमखास उलट्या होतात. पुढे बसवलं की होत नाहीत. गाडीत दोष आहे का? (चिपळूण)

उत्तर : बहुधा दोष नाही, जागाच तशी आहे. तिसरी रांग मागच्या चाकांच्या जवळपास वर किंवा त्यांच्याही मागे येते. वळणावर शेपटाकडचा भाग जास्त झोके घेतो आणि खड्ड्यातला हादरा थेट तिथे पोहोचतो. खिडकी छोटी आणि पुढे उंच सीट, त्यामुळे मुलांना रस्ता दिसत नाही. शरीराला वळण कळतं, डोळ्यांना दिसत नाही, आणि मळमळ सुरू होते.

घाट सुरू होण्याआधी मुलांना दुसऱ्या रांगेत आणा. त्यांच्या हातातला मोबाइल काढून घ्या, नजर समोरच्या रस्त्यावर राहू द्या आणि गार हवेचा झोत चेहऱ्यावर येऊ द्या. चालवणाऱ्याने ब्रेक वळणाआधी मारावा, वळणात नाही. एवढं करूनही गाडी मागून फार डोलत असेल, खड्डा गेल्यावर दोन-तीनदा वरखाली होत असेल, तर मागचे शॉकअप तपासा. तेल गळालेला शॉकअप ओलसर आणि धुळीने माखलेला दिसतो. बदलताना डावा-उजवा जोडीने बदला.

प्रश्न : पुढे कुडकुडायला होतं आणि मागची माणसं घामाघूम. गॅस दोनदा भरला, फरक नाही. (नाशिक)

उत्तर : आधी मागच्या एसीची रचना समजून घ्या. काही गाड्यांत मागे स्वतंत्र कूलिंग कॉइल असते, काहींत नुसता पंखा असतो आणि तो केबिनमधलीच हवा मागे ढकलतो. मॅन्युअल किंवा सर्व्हिस सेंटरमधून हे कळेल. नुसता पंखा असेल तर पुढची हवा गार झाल्याशिवाय मागे काहीच मिळणार नाही. तेव्हा पहिली पाच मिनिटं खिडक्या उघड्या ठेवून कोंडलेली गरम हवा बाहेर जाऊ द्या. मग काचा लावून हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण दाबा, पुढचा ब्लोअर वाढवा आणि मधल्या जाळ्या छताच्या दिशेने वळवा. झोत चालकाच्या छातीवर रोखला की मागे काही पोहोचत नाही.

स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत गॅसच्या वजनाला महत्त्व आहे. पाइप लांब आणि कॉइल दोन, म्हणून गॅसही जास्त लागतो. किती ग्रॅम ते बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं. बरेच गॅरेजवाले गेजचा काटा बघून अंदाजाने भरतात आणि पुढे गार लागलं की थांबतात. व्हॅक्यूम करून, यंत्रावर वजनाने भरून घ्या. मात्र दोनदा भरूनही गॅस टिकला नसेल तर गळती शोधायला हवी. मागे जाणारे पाइप गाडीच्या पोटाखालून जातात, तिथे दगड लागून किंवा गंजून भोक पडतं.

खर्च करण्याआधी केबिन फिल्टर काढून बघा, बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. मागच्या एसीची हवा आत ओढणारी जाळी बॅगांनी झाकली जात नाही ना, हेही पाहा.

प्रश्न : सातजण आणि सामान घेऊन देवदर्शनाला निघायचं असतं. सीएनजी मॉडेल घेतलं तर चालेल का, की छतावर कॅरिअर लावू? (अकोला)

उत्तर : तिन्ही रांगा उभ्या असताना अर्टिगाची डिकी २०९ लिटरची, ट्रायबरची ८४ लिटरची. अर्टिगात उभ्या लावलेल्या दोन छोट्या बॅगा आणि फटीत एक-दोन पिशव्या जातात. ट्रायबरमध्ये डब्यांची पिशवी बसेल. तिच्या मागच्या सीट मात्र सुट्या करून घरी ठेवता येतात आणि मग ६२५ लिटर जागा मिळते. पाचजणांच्या घराला ही फार कामाची सोय आहे, तुम्हा सातजणांना तिचा उपयोग नाही. अर्टिगा सीएनजीत टाकी डिकीतच बसते. सातजण नेहमीच प्रवास करत असतील तर सीएनजी घेऊ नका. घेतलीच तर टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी करावी लागते, तारीख टाकीच्या पाटीवर असते.

कॅरिअर लावण्याआधी वजनाचा हिशोब करा. गाडीचं परवानगी असलेलं कमाल भरलेलं वजन वजा रिकामं वजन, एवढाच भार तिला झेपतो. समजा हा फरक ५६० किलो आला. सरासरी ६५ किलोची सात माणसं म्हणजे ४५५ किलो, उरले १०५. त्यातच डिकीतलं सामान, पाण्याचे कॅन आणि खुद्द कॅरिअरचं वजन आलं. छतावर किती किलो चालतं ते मॅन्युअलमध्ये वेगळं दिलेलं असतं. वर फक्त हलकं सामान ठेवा : कपडे, अंथरुणं. धान्याचं पोतं वर गेलं की गाडी वळणावर कलते आणि ब्रेकला उशिरा थांबते. टायरमधली हवा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवरून भरा. तिथे बहुतेक वेळा दोन आकडे असतात, पूर्ण भरलेल्या गाडीचा आकडा मोठा असतो. हवा सकाळी, टायर गार असताना भरा.

डिकीत सामान तिसऱ्या रांगेच्या पाठीपेक्षा वर रचू नका. जोरात ब्रेक लागला की वरची बॅग थेट मुलांच्या डोक्यावर येते.

प्रश्न : पुण्याहून आई-बाबा सहा महिने राहायला येणार. मिनीव्हॅन घ्यावी की तीन रांगांची एसयूव्ही? (न्यू जर्सी)

उत्तर : मिनीव्हॅन. दार सरकतं, त्यामुळे पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीला आपटायची भीती नाही, आणि फरशी खाली असल्याने ज्येष्ठांना सहज पाऊल टाकता येतं. विमानतळावरचं सामान हा मुद्दा असेल तर तिसऱ्या रांगेमागचा खोल खड्डा बघा. मोठ्या बॅगा तिथे उभ्या राहतात, एसयूव्हीत तेवढी खोली मिळत नाही. टोयोटा सिएना २०२१च्या मॉडेलपासून फक्त हायब्रिड मिळते, पण तिच्या दुसऱ्या रांगेच्या सीट काढता येत नाहीत. होंडा ओडिसीच्या निघतात, आणि क्रायस्लर पॅसिफिकाच्या पेट्रोल मॉडेलमध्ये त्या फरशीखाली गडप होतात. फर्निचर वाहायचं असेल तर पॅसिफिका, पेट्रोल वाचवायचं असेल तर सिएना. सरकत्या दाराची खालची पट्टी महिन्यातून एकदा ब्रशने झाडा. तिथे खडा किंवा मिठाचा बर्फ अडकला की दार अर्ध्यावरून परत फिरतं.

प्रश्न : पंक्चर झालं तेव्हा गाडीखालची स्टेपनी निघेचना. शेवटी क्रेन बोलवावी लागली. (मालवण)

उत्तर : किनाऱ्यावर हे नेहमीचं आहे. मागे जागा वाचवायची म्हणून बऱ्याच सात सीटर गाड्यांत स्टेपनी पोटाखाली साखळीला किंवा वायरला टांगलेली असते. डिकीच्या तळाशी किंवा बंपरजवळ असलेल्या भोकातून दांडा घालून फिरवला की ती खाली येते. चिखल आणि खारी हवा यांनी ती चक्री जाम होते. भोक डिकीत असेल तर आधी सगळं सामान रस्त्यावर काढावं लागतं, तेही लक्षात ठेवा.

पावसाळ्याआधी आणि नंतर स्टेपनी पूर्ण खाली उतरवा. चक्री आणि साखळी धुऊन वाळवा, गंज असेल तर तेल सोडून दुसऱ्या दिवशी ग्रीस लावा. हवा स्टिकरवरच्या मोठ्या आकड्यापेक्षा तीन-चार पौंड जास्त भरा, कारण महिनोन्‌महिने तिच्याकडे कोणी बघत नाही. परत चढवताना मधली पट्टी रिमच्या भोकात सपाट बसली पाहिजे. दांडा अडेपर्यंत फिरवा आणि मग टायर पायाने हलवून बघा. जराही हलला तर पुन्हा खाली घेऊन बसवा. तिरकी राहिलेली स्टेपनी खडखडते, साखळी झिजते आणि एखाद्या दिवशी ती रस्त्यात सुटते.