चेअरलिफ्टच्या खुर्च्या चालत्या दोरावरून घसरत कशा नाहीत? तोरणमाळला अशी लिफ्ट होईल का? आणि आमच्या बागेतल्या 150 मिमी पुलीच्या ट्रॉलीला जाड दोर घालू का?

प्रश्न केळीच्या मुलखातल्या, सावद्याच्या माणसाचा आहे, म्हणून आधी हे सांगतो: चेअरलिफ्ट केळीच्या घडावरून सुचली. 1936 साली युनियन पॅसिफिक रेल्वेचे इंजिनिअर जेम्स करन यांनी ती अमेरिकेत आयडाहोतल्या सन व्हॅलीच्या बर्फावर स्की करणाऱ्यांसाठी काढली. त्याआधी जहाजात केळी चढवायची फिरत्या दोराची यंत्रणा त्यांनी हाताळली होती. घडाच्या आकड्याजागी खुर्ची आली, एवढंच. चालत्या खुर्चीत माणूस किती वेगापर्यंत नीट बसतो, हे ओमाहात ट्रकला खुर्ची बांधून आणि पायात चाकांचे बूट घालून तपासलं. ताशी 4-5 मैल ठीक वाटले. कायम पकडीच्या लिफ्टा, म्हणजे ज्यांत खुर्ची दोराला कधी सोडत नाही त्या, आजही सेकंदाला अडीच मीटरच्या आतबाहेरच चालतात.

आता पकड, म्हणजे खुर्ची दोराला धरते तो जबडा. नुसता नट-बोल्ट आवळून भागत नाही. ताणाखाली वायर रोप बारीक होतो आणि बोल्ट सैल पडतो. म्हणून जबड्यामागे दाबलेली स्प्रिंग असते. दोर बारीक झाला तरी ती जबडा मिटतच ठेवते. पण जबड्याच्या तोंडाशी दोर दर खांबावर वाकतो, तिथल्या तारा थकतात. त्यामुळे ठरलेल्या तासांनी प्रत्येक पकड दोरावर थोडी पुढे सरकवावी लागते. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच टाळलं जातं.

दोर गोल फिरतो, म्हणून टोकं जोडावी लागतात, पण गाठ नसते. सहा पेडांच्या दोराची दोन टोकं उलगडतात, गाभा काढतात, एकाचे पेड दुसऱ्यात बसवतात आणि पेडांची शेवटं गाभ्याच्या जागी आत दडवतात. सांध्याची लांबी दोराच्या जाडीच्या किमान 1200 पट, म्हणजे 40 मिमी दोराला 48 मीटर. सांधा नीट जमला तर हाताला फुगवटा लागत नाही.

दोर तुटायची धास्ती सगळ्यांना असते, मला लिफ्ट उलटी धावायची जास्त वाटते. हिशोब करा: एक किलोमीटर चढ, 15 मीटरला एक दोनआसनी खुर्ची, चढत्या बाजूला 132 माणसं, 75 किलोने जवळपास 10 टन. उंची 300 मीटर असली तर 3 टन सतत मागे ओढतात, आणि उतरती बाजू रिकामी. म्हणून मोटरच्या बाजूचा ब्रेक वेगळा, दोर फिरवणाऱ्या मोठ्या चाकाच्या कडेवर थेट दाबणारा वेगळा. 2018 च्या मार्चमध्ये जॉर्जिया देशातल्या गुदौरीला लिफ्ट उलटी धावली, माणसं खुर्च्यांतून फेकली गेली. ब्रेकची चाचणी भार लावून घ्यायची. रिकाम्या लिफ्टवर घेतलेली मी चाचणी मानत नाही.

तोरणमाळचं म्हणाल तर बर्फ नाही, स्कीवर घसरत नव्हे तर चालत येऊन खुर्चीत बसणारा प्रवासी आहे. वेग निम्म्यावर आणावा लागेल, मग तासाची माणसंही निम्मी. बिहारात राजगीरला विश्वशांती स्तूपावर एकेका माणसाची चेअरलिफ्ट कित्येक वर्षं चालली, तेव्हा बर्फ लागतोच असं नाही. बाकी खडक आणि वारा मोजल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

आणि तो ‘दोर जाड घ्या, बिनघोर राहा’ वाला सल्ला, जो बागेतल्या ट्रॉलीसाठी आपल्याकडे जो तो देतो, तो साफ चूक. 40 मिमी दोराला चेअरलिफ्टचं मोठं चाक साधारण 4 मीटरचं असतं, म्हणजे शंभर पट. तुमच्या ट्रॉलीची पुली 150 मिमीची. 10 मिमी दोराला ती 15 पट, 16 मिमी घातला तर 9 पटच राहते. जाड दोर छोट्या पुलीवर जास्त मुरडतो, तारा आतून तुटतात आणि बाहेरून महिनोन् महिने काही दिसत नाही. ग्रीस पुसून, जुनं फडकं दोरावरून हलक्या हाताने फिरवा. धागे अडकले की बाहेरच्या तारा तुटल्यात. (ट्रॉली बंद असताना, हेही सांगायला लागतं.) अर्थात, वर लिहिलेलं सगळं कायम पकडीच्या लिफ्टचं, स्टेशनात सुटणाऱ्या पकडीचं गणित निराळं, तिथे दोर सेकंदाला 5 मीटर धावतो. ट्रॉलीला मात्र आधी 300 मिमीची पुली लावा, दोर आहे तोच राहू द्या.