बाळ द्यायचं आहे, पण कुणाच्या सहीने?

प्रश्न : माझी धाकटी बहीण 22 वर्षांची आहे, लग्न झालेलं नाही. आठवा महिना लागलाय. मुलाने हात वर केले. आईवडिलांना काही माहीत नाही. सध्या ती माझ्याकडे राहते, शेजारी ‘नवरा दुबईला असतो’ असं सांगितलंय. जिथे तिला दाखवतो तिथल्या नर्सबाई म्हणतात, एका जोडप्याला मूल नाही. बहिणीला त्या बाईच्याच नावाने ॲडमिट करू, म्हणजे जन्मदाखलाही त्यांच्याच नावाने निघेल. दवाखान्याचा खर्च आणि वर दोन लाख. त्यातले 20 हजार माझ्या खात्यावर आलेसुद्धा. माझ्या मिस्टरांना हे पटत नाही. ते म्हणतात, त्यापेक्षा अनाथाश्रमाच्या पाळण्यात बाळ ठेवून येऊ. पोलीस मागे लागतील का?

उत्तर : ताई, तुमच्या मिस्टरांना आलेली शंका रास्त आहे. नर्सबाई जे सुचवताहेत ते दत्तक नव्हे, विक्री आहे. बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 81 मध्ये मूल विकणारा आणि घेणारा दोघांनाही पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड सांगितलाय. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच विकलं, तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं. यात दवाखान्यातले कर्मचारी नाव घेऊन धरलेत. खोट्या नावाने ॲडमिट होणं आणि खोटा जन्मदाखला काढणं हे गुन्हे आणखी वेगळे. आणि ऐन बाळंतपणात काही कमीजास्त झालं तर केसपेपरवर तुमच्या बहिणीचं नाव, रक्तगट, काहीच खरं नसेल. मला त्याचीच जास्त धास्ती वाटते.

हिंदू दत्तक कायद्याखाली (1956) आई थेट मूल दत्तक देऊ शकते, हे खरं. नर्सबाई कदाचित तेच पुढे करतील. पण त्यातही कलम 17 पैसे घ्यायला मनाई करतं, आणि आईचं नाव तर खरंच असावं लागतं.

बाळ सोडून देण्याचा सरळ, कायद्याने आखून दिलेला रस्ता बाल न्याय कायद्याच्या कलम 35 मध्ये आहे. त्याला ‘समर्पण’ म्हणतात. शारीरिक, भावनिक किंवा सामाजिक कारणांमुळे, आपल्या हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल सांभाळणं शक्य नसेल, तर ते जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे सोपवता येतं. हे पोलीस ठाणं नव्हे. अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक बाई. आई अविवाहित असेल तर समर्पणपत्र शक्यतो एकट्या महिला सदस्यापुढे व्हावं, असं दत्तक नियमावलीत लिहिलंय. सही फक्त तिची. मुलाच्या बापाची लागत नाही, तुमच्या वडिलांची नाही आणि तुमचीही नाही.

इथे मला जरा थांबावंसं वाटतं. तुमच्या पत्रात नर्सबाई काय म्हणतात, मिस्टर काय म्हणतात, सगळं आहे. बहीण काय म्हणते, ते कुठेच नाही. समितीत पहिला प्रश्न तिलाच विचारला जाईल, तोही तुम्हाला बाहेर बसवून. मूल ठेवता येईल का, त्यासाठी काय मदत लागेल, हे समुपदेशनात तिच्याशी बोललं जातं. ते उलटतपासणीसारखं नसतं, आणि तिने ‘नाही’ म्हटलं तर ते ऐकलंही जातं.

सही झाली की बाळ विशेष दत्तक संस्थेत जातं आणि साठ दिवस सुरू होतात. या साठ दिवसांत ती मन बदलू शकते. नंतर नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडची एक मुलगी बावन्नाव्या दिवशी आईला घेऊन समितीत परत आली. हातातल्या पिशवीत लोकरीचं पिवळं टोपडं होतं, अर्धवट विणलेलं. बाळ घरी गेलं. दुसरी एक आलीच नाही, साठावा दिवस उलटला, बाळ दत्तकासाठी मोकळं झालं. माझ्या लेखी दोघीही चुकल्या नाहीत.

आता पाळण्याचं. दत्तक संस्थांच्या दाराशी पाळणा असतो तो त्यासाठीच. नाइलाजाने मूल सोडणाऱ्या जन्मदात्यांना शिक्षा लावू नये, असं बाल न्याय कायद्याच्या कलम 75 मध्येच लिहिलंय. एसटी स्टँडवर किंवा देवळाच्या पायरीवर ठेवलंत तर मात्र भारतीय न्याय संहितेचं कलम 93 आहे, सात वर्षांपर्यंत. पण पाळण्यातलं बाळ कायद्याच्या भाषेत ‘परित्यक्त’ ठरतं. मग पोलिसांची चौकशी होते आणि ‘या बालकाचे पालक असल्यास संपर्क साधावा’ म्हणून पेपरात फोटो छापून येतो. समर्पणात जाहिरात नसते. तुम्हाला गुप्तता हवी आहे ना, मग ती इथे जास्त आहे. शिवाय समर्पणाच्या वेळी बहिणीने ओळख गुप्त ठेवायला सांगितलं, तर पुढे मूल मोठं होऊन मुळाचा शोध घ्यायला आलं तरी तिच्या लेखी संमतीशिवाय ती कळवली जात नाही.

ही लाज आजची नाही. 1863 साली पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते अशाच बायकांसाठी. तिथेच जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते : सख्खी मावशी ही बाल न्याय कायद्यात दत्तकासाठी ‘नातेवाईक’ धरली जाते, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने तुम्हालाही हे मूल रीतसर घेता येईल. आग्रह नाही.

बाळंतपण सरकारी रुग्णालयात, तिच्या खऱ्या नावाने करा. मोठ्या रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना आधीच भेटून ठेवा. समितीशी तेच गाठ घालून देतात. नाहीतर 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा, तो रात्रीही लागतो. मुलाविरुद्ध तक्रार करायची की नाही हा वेगळा विषय आहे, समर्पणाला ती अट नाही. जन्मनोंदणीत बापाचं नाव सांगायची सक्ती तिच्यावर होणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये एका अविवाहित आईच्या प्रकरणात, आईने शपथपत्र दिलं की दाखला द्यावा, असं सांगितलंय.

राहिले ते 20 हजार. ज्या खात्यावरून आले त्याच खात्यावर आज परत पाठवा, ‘व्यवहार मान्य नाही’ एवढं लिहून. रोख देऊ नका. नर्सबाईंचे मेसेज पुसू नका. त्यांचा फोन आला तर उचलण्याआधी ते मेसेज घेऊन जवळच्या वकिलाला प्रत्यक्ष भेटा, बहिणीला सोबत घेऊन.