बांधायच्या आधी बोल

मे २०२१

प्रिय डॉक्टर,

तुझा फोन आला तेव्हा मी अॅम्ब्युलन्सच्या गाडीवरच होते, त्यामुळे धड बोलणं झालं नाही. "मॅडम, मी दुसरं काय करायला हवं होतं तेवढं सांगा," असं तू पुन्हा पुन्हा विचारत होतास. पेशंट पॉझिटिव्ह आणि वर मानसिक आजार जुना. कोविड सेंटरवाले म्हणाले, आरडाओरडा करणारा माणूस आम्ही वॉर्डात कसा ठेवू? दुसरीकडे म्हणाले, आधी निगेटिव्ह रिपोर्ट आणा. त्याच्याआधी गावकऱ्यांनी दोरी आणून दिली होती आणि तू ती वापरलीस. आता झोप लागत नाही म्हणतोस.

धीर देत बसणार नाही. १०८ च्या अॅम्ब्युलन्सवर टिकलायस म्हणजे माणसाचा कळवळा तुला आहे, हे मी धरूनच चालते. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे: बांधायच्या आधी बोल, आणि बोलता बोलता तपास.

त्या माणसाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, किती होतं, असं मी फोनवर विचारलं. तू गप्प झालास. शुगर? पट्ट्या संपल्या होत्या म्हणालास. अरे, मग तो आजारामुळे ओरडत होता की ऑक्सिजन कमी पडल्यामुळे, हे ठरवलं कोणी? गावच्या सरपंचाने?

या साथीत "डोकं फिरलंय" म्हणून येणारा प्रत्येक कॉल डोक्याचा नसतो. सॅच्युरेशन ऐंशीच्या घरात गेलेला माणूस मास्क ओढून काढतो, शिव्या देतो, घरच्यांना ओळखत नाही. म्हाताऱ्या माणसाला नुसत्या तापातही भ्रम होतो. घरीच विलगीकरणात असलेल्याला कोणीतरी स्टिरॉइड चालू केलेलं असतं, त्याला चार रात्री झोप नसते, शुगर चढलेली असते, आणि तो मध्यरात्री अंगणात उभा राहून भाषण करत असतो. गेल्या वर्षी दारूची दुकानं एकाएकी बंद झाली तेव्हा रोज पिणारे थरथरत, भिंतीवरचे किडे झटकत आपल्याकडे आले, ते आठव. लिथियमवर, म्हणजे मूड सावरणाऱ्या गोळीवर, असलेल्या पेशंटला ताप आणि जुलाब झाले, पाणी पोटात गेलं नाही, की रक्तातलं लिथियम वाढतं. तो झोकांड्या देतो, जीभ जड होते, आणि शेजारी म्हणतात प्यायलाय. यातलं काहीही दोरीने कळत नाही. बोटाला ऑक्सिमीटर, शुगर, नाडी, ताप, आणि "गोळ्या कुठल्या चालू आहेत?" हा एक प्रश्न. त्यासाठी बोलावं लागतं.

तू म्हणशील, मॅडम, तो ऐकतच नव्हता. तर ऐक.

गेल्या मे महिन्यात चाकरमानी गावी आले आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत क्वारंटाइन झाले. अशाच एका शाळेवरून कॉल आला, पोरगा हिंसक झालाय म्हणून. गेले तर फाटकाशी माणसं जमलेली, एकाच्या हातात नायलॉनची दोरी. पोरगा पडवीत येरझाऱ्या घालत होता. आम्ही दोघं पांढऱ्या किटात, डोळ्यांवर गॉगल. त्याला वाटत होतं की आपल्याला मारायला माणसं येणार आहेत, आणि नेमकी आम्ही तशीच दिसत होतो. माझ्या किटच्या छातीवर मार्करने मोठ्या अक्षरात नाव लिहिलेलं असतं आणि आयकार्डाचा फोटो बाहेर चिकटवलेला असतो, तो त्याला लांबूनच दाखवला. गर्दी फाटकाबाहेर काढली. त्याच्यापासून दोन वाव लांब, पडवीच्या पायरीवर खाली बसले. "जेवलास का?" विचारलं. उत्तर नाही. "झोप लागते का?" तेव्हा थांबला. "गोळ्या खोलीवर राहिल्या," म्हणाला. मुंबईतला दवाखाना बंद, गाड्या बंद, गोळ्या एप्रिलमध्येच संपलेल्या. ऑक्सिमीटर आधी मी माझ्या बोटाला लावला, आकडा त्याला दाखवला, मग त्याने स्वतःहून बोट पुढे केलं. स्ट्रेचरचा पट्टा बघून बिचकला, तेव्हा सांगितलं की हा पट्टा बाळंतिणीलाही लावतो आणि ॲक्सिडेंटवाल्यालाही. तो चालत गाडीत चढला. सायरन बंद ठेवला. ज्याला आधीच आवाज ऐकू येतात त्याच्या डोक्यावर आणखी एक आवाज कशाला?

या प्रकरणात सीनवर जास्त वेळ थांबल्याबद्दल माझ्याकडे खुलासा मागितला गेला. मी लेखी दिला. छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी काढायला थांबले असते तर कोणी विचारलं असतं का? बोलणं हा त्या पोराचा ईसीजी होता. तो वेळ वाया गेला नाही, ते उपचारच होते. नातेवाईक गाडीत नको असा नियम असताना मी त्याच्या आईला मास्क लावून पुढच्या सीटवर घेतलं, त्याबद्दलही बोलणी खाल्ली. आजही मी तेच करेन. मला खंत वेगळीच आहे. गोळ्या संपून माणसं कोसळणार, हे लॉकडाऊनच्या पहिल्याच आठवड्यात आम्हा सगळ्यांना दिसत होतं. बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या घरपोच देण्याची धडपड गावोगाव झाली, मानसिक आजाराच्या गोळ्यांची फारशी झाली नाही. तेव्हा मी मीटिंगमध्ये आणखी भांडायला हवं होतं.

आता कायदा, कारण तुला वाटतंय हे माझं खूळ आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २०१८ मध्ये. त्याचं कलम २१ वाच. शारीरिक आजाराच्या माणसाला जशी, जितकी आणि ज्या दर्जाची अॅम्ब्युलन्स मिळते तशीच मानसिक आजाराच्या माणसाला मिळाली पाहिजे, असं त्यात अॅम्ब्युलन्सचं नाव घेऊन लिहिलंय. कलम ९४ म्हणतं की जीव धोक्यात असेल किंवा स्वतःला अथवा दुसऱ्याला गंभीर इजा होणार असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार देऊ शकतो, पेशंटने नेमलेला प्रतिनिधी हजर असेल तर त्याच्या संमतीने. आणि जवळच्या मानसिक आरोग्य संस्थेत पोचवणं हाही त्या उपचाराचाच भाग. साखळीने बांधायला सरळ बंदी आहे. जखडून ठेवणं कलम ९७ प्रमाणे तेव्हाच, जेव्हा तत्काळ होणारी इजा टाळायला दुसरा मार्गच नसतो, आणि तेही गरजेपुरतंच. माणसं कमी आहेत म्हणून बांधलं, हे कारण मनोरुग्णालयालाही चालत नाही. मग आपल्याला कसं चालेल?

कधीच बांधायचं नाही, असं मी म्हणत नाही. कोयता घेऊन उभा असेल तर लांब राहा, पोलिसांची वाट बघ. तुझ्या पायलटच्या, म्हणजे गाडीच्या ड्रायव्हरच्या, घरीही लेकरं आहेत. दाराकडे पाठ ठेवून बस, ट्रॉमा कात्री खिशातून काढून ठेव. पण धरावंच लागलं तर उताणं किंवा कुशीवर, मऊ पट्ट्याने, आणि डोळे त्याच्या छातीवर. कोविडमध्ये पालथं झोपवल्यावर ऑक्सिजन वाढतो, हे आपण शिकलो. म्हणून कोणी हात मागे बांधून, पाठीवर गुडघा देऊन पालथं पाडलं तर ते प्रोनिंग नव्हे. तसा माणूस गुदमरून मरतो, आणि तो शांत झाला असं सगळ्यांना वाटतं. इंजेक्शन दिलंस तर सॅच्युरेशन आणि श्वास पोचेपर्यंत बघत राहा. खिडक्या उघड्या ठेव. तो मास्क ठेवणार नाही, तुझा एन-९५ घट्ट हवा.

आणि आता दवाखान्यांच्या नकाराचं. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. तिथवरचा रस्ता आपल्या बहुतेक पेशंटांना लांबचाच. त्यामुळे सॅच्युरेशन कमी असेल तर आधी ऑक्सिजनची खाट, मनाचं औषध तिथेच सुरू करायला सांग. सायकियाट्रिस्ट फोनवर मिळतो. दारातून परत पाठवत असतील तर आवाज चढवू नकोस. नाव, हुद्दा, वेळ केस शीटवर लिही, त्यांच्यासमोर कॉल सेंटरला फोन लाव आणि कलम २१ मोठ्याने वाच. लेखी नकार द्या म्हटलं की बऱ्याच खाटा रिकाम्या होतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

कलम २१ आणि ९४ चं मराठी टिपण लॅमिनेट करून पायलटबरोबर पाठवते आहे, गाडीत लाव. परवाचा पेशंट कुठल्या वॉर्डात आहे ते शोध, जाऊन त्याला तुझं नाव सांग आणि मनगटांवर वळ उठलेत का ते बघ. त्याच्या घरच्यांकडून गोळ्यांची चिठ्ठी घेऊन वॉर्डाच्या डॉक्टरला दे. ती अजून कोणी मागितली नसणार. आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांच्या मागणीचा इंडेंट आजच टाक. उद्या नको.

तुझी,
मॅडम