लायसन्सचे प्रमाणपत्र मिळाले. पण वडिलांनी गाडी चालवावी का?

प्रश्न : माझे वडील ६७ वर्षांचे असून अनेक वर्षे इन्सुलिन घेतात. लायसन्सच्या नूतनीकरणासाठी लागणारे वैद्यकीय प्रमाणपत्र त्यांना न तपासताच पाच मिनिटांत सही-शिक्क्यानिशी मिळाले. गेल्या महिन्यात त्यांची गाडी दुभाजकाला घासली आणि त्यांना त्यातले काहीच आठवत नाही. अशा तपासण्यांनी अपघात खरोखर टळतात का?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : घडलेले न आठवणे हे रक्तातील साखर एकदम उतरल्याचे लक्षण असू शकते, फिट किंवा हृदयाच्या ठोक्यांतील बिघाड हीही कारणे संभवतात. तेव्हा निदान होईपर्यंत वडिलांनी गाडी चालवू नये आणि नेहमीच्या डॉक्टरांना हा प्रसंग तपशीलवार सांगावा.

वयाच्या चाळिशीनंतर लागणाऱ्या ‘नमुना १-अ’ या वैद्यकीय प्रमाणपत्रात मुख्य भर दूरची दृष्टी, ऐकू येणे आणि हातापायांची स्थिती यांवर असतो. २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता न आल्याने मोतीबिंदू लक्षात येत असेल, तर तेवढ्यानेही रस्ता सुरक्षित होतो. मात्र न तपासता केलेल्या सहीला तपासणी म्हणवत नाही. शिवाय प्रामाणिक तपासणीतूनही त्या दिवसापुरतीच प्रकृती कळते, आणि इन्सुलिन घेणाऱ्याची साखर तर दोन जेवणांच्या मध्येही उतरू शकते. आजार जुना झाला की घाम, थरथर, धडधड या पूर्वसूचना बोथट होतात आणि साखर उतरल्यावर सारासार विचारही मंदावत असल्याने चालक ‘मी ठीक आहे’ असेच सांगत राहतो.

परिणाम दिसतो तो उपचार करणारे डॉक्टर स्पष्ट बोलतात तेव्हा. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात डॉक्टरांनी ‘वाहन चालवण्यास अयोग्य ठरू शकता’ असा इशारा दिलेल्या सुमारे एक लाख रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. इशाऱ्यानंतर, चालक म्हणून अपघातात सापडून तातडीच्या विभागात येण्याचे त्यांचे प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांनी घटले. मात्र त्यांच्यात नैराश्य वाढले आणि काहींनी त्या डॉक्टरांकडे जाणेच कमी केले. म्हणून वडिलांकडून किल्ली मागण्याआधी त्यांना बाजारात, बँकेत कोण नेणार हे घरात ठरवा.

आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६ नुसार, आजारामुळे चालक अयोग्य असल्याची रास्त शंका आल्यास आरटीओ केव्हाही नवे प्रमाणपत्र मागू शकते किंवा लायसन्स रद्द करू शकते. आपल्या आजारामुळे इतरांना धोका आहे हे ठाऊक असूनही गाडी चालवणे कलम १८६ नुसार दंडनीय आहे.

डॉक्टरांनी परवानगी दिलीच, तर निघण्यापूर्वी आणि लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर पाहावी. ९० पेक्षा कमी असल्यास आधी खावे, ७० च्या खाली असल्यास गाडी चालवूच नये. वाटेत साखर उतरल्यास सुरक्षित जागी थांबून, इंजिन बंद करून चालकाच्या आसनावरून उठावे, ग्लुकोज घ्यावे आणि साखर पूर्ववत झाल्यावरही ४५ मिनिटे थांबावे.